मुरलेल्या तंत्राचा किमयागार : गुंपेई योकोई

थोरामोठ्यांची चरित्रे म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे राजे, संत, पुढारी, शास्त्रज्ञ आणि साहित्यिक उभे राहतात. खेळणी करणाऱ्या माणसाचे चरित्र लिहावे, असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. खेळ म्हणजे वेळ दवडणे, आणि व्हिडिओ गेम म्हणजे तर डोळे नि अभ्यास दोन्ही बिघडवणे, अशीच आपल्याकडची समजूत. तरीही ज्या गृहस्थांची ओळख मी येथे करून देणार आहे, ते जन्मभर खेळणीच करीत राहिले. त्यांचे नाव गुंपेई योकोई. जपानबाहेर हे नाव फारसे कुणाला ठाऊक नसते. पण त्यांनी घडवलेल्या वस्तू कोट्यवधी मुलांच्या हातांत गेल्या.

योकोईंचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी जपानमधील क्योतो शहरात झाला. क्योतो ही जपानची जुनी राजधानी, देवळांचे आणि जुन्या कारागिरीचे गाव. तेथल्याच दोशिशा विद्यापीठात ते विजेचे अभियांत्रिकी शिकले. विद्यार्थी म्हणून ते पहिल्या रांगेतले नव्हते. पदवी हाती आल्यावर त्यांनी मोठमोठ्या विद्युत कंपन्यांकडे अर्ज केले, पण तेथे डाळ शिजली नाही. शेवटी १९६५ साली घराजवळच्या एका कंपनीत त्यांना जागा मिळाली. ती कंपनी म्हणजे निन्टेंडो.

आज निन्टेंडो हे नाव ऐकले की व्हिडिओ गेम आठवतात. त्या वेळी मात्र ही पत्ते छापणारी कंपनी होती. १८८९ साली स्थापन झालेल्या या कारखान्यात फुलांची चित्रे असलेले ‘हानाफुदा’ नावाचे जपानी पत्ते तयार होत. ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल करणे, बिघाड झाला तर दुरुस्त करणे, हे योकोईंचे काम. अभियांत्रिकीचा पदवीधर आणि काम यंत्रांना तेलपाणी करण्याचे! आपल्याकडे असे घडले तर नातेवाईक चार ठिकाणी हळहळले असते. योकोईंनी मात्र हळहळ न करता मोकळ्या वेळाचा उपयोग केला. यंत्रे नीट चालत असली की त्यांना काही काम नसे. मग ते कारखान्यातल्याच साधनांनी स्वतःच्या करमणुकीसाठी काहीबाही वस्तू बनवीत बसत.

अशीच एक वस्तू त्यांनी बनवली. बँकेच्या दाराला सरकणारी लोखंडी जाळी असते ना, दाबली की मिटणारी आणि ओढली की पसरणारी, तशीच पट्ट्यांची जाळी त्यांनी केली. तिच्या एका टोकाला दोन मुठी, दुसऱ्या टोकाला चिमटा. मुठी जवळ आणल्या की जाळी झपकन लांब जाऊन पलीकडची वस्तू पकडायची. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची हे फार कडक गृहस्थ होते. त्यांनी योकोईंना या वस्तूशी खेळताना पाहिले आणि आपल्या खोलीत बोलावले. आता बोलणी खावी लागणार, असेच योकोईंना वाटले. पण अध्यक्षांनी त्या वस्तूचे खेळणे करून बाजारात आणण्याची आज्ञा केली. १९६६ साली ‘अल्ट्रा हँड’ या नावाने ते खेळणे निघाले आणि त्याचा खप बारा लाखांच्या घरात गेला. तेलपाणी करणारा माणूस एका खेळण्याने कंपनीचा संशोधक झाला.

त्यानंतरच्या काही वर्षांत योकोईंनी एकामागून एक अशी खेळणी काढली, की त्यांची यादी वाचतानाही हसू येते. १९६९ सालचा ‘लव्ह टेस्टर’ हा त्यांतला मासला. एक तरुण आणि एक तरुणी यांनी एकमेकांचा हात धरायचा आणि मोकळ्या हातांत यंत्राच्या तारांची टोके धरायची. मग त्यांच्या प्रेमाचे माप काट्यावर दिसायचे! आतमध्ये प्रेमाचे कसलेही शास्त्र नव्हते. शरीरातून किती क्षीण विद्युतप्रवाह जातो, हे मोजणारा शाळेच्या प्रयोगशाळेतला साधा मापक होता. मुलींचा हात धरायला निमित्त मिळावे, हाच आपला हेतू होता, अशी कबुली योकोईंनी पुढे मोकळेपणाने दिली आहे. आपल्या महाविद्यालयात हे यंत्र आले असते तर ते कुठे ठेवले गेले असते, याचा विचार वाचकांवर सोपवतो.

या थट्टेच्या आड एक खरी दृष्टी दडलेली होती. १९७० च्या सुमारास शार्प कंपनीचे प्रतिनिधी मासायुकी उएमुरा सूर्यप्रकाशावर वीज देणारे घट विकण्यासाठी येत असत. योकोईंनी विचार केला, की या घटावर प्रकाश पडला की वीज निर्माण होते, तर मग त्याला निशाण का करू नये? बंदुकीतून गोळीऐवजी प्रकाशाचा झोत सुटेल आणि नेम बरोबर लागला की निशाण उडेल. त्यातून प्रकाशाच्या बंदुकीचे खेळणे जन्माला आले. उएमुरा स्वतःही पुढे निन्टेंडोतच दाखल झाले.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. त्या काळी रेडिओच्या लहरींवर दुरून चालवायच्या खेळण्यातल्या मोटारी फार महाग असत. सामान्य घरातल्या मुलाने त्या दुकानाच्या काचेतूनच पाहाव्यात. गाडी पुढे नेणे, डावीकडे वळवणे, उजवीकडे वळवणे, अशा प्रत्येक आज्ञेसाठी वेगळी यंत्रणा लागे, म्हणून किंमत वाढे. योकोईंनी १९७२ साली अशी मोटार काढली, की ती फक्त सरळ जाई आणि डावीकडे वळे. उजवीकडे वळण्याची सोयच नाही! ऐकणाऱ्याला हा दोष वाटेल. पण शर्यतीचे मैदान गोल असते आणि गोल मैदानात एकाच बाजूला वळावे लागते. तेव्हा उजव्या वळणावाचून मुलांचे काहीच अडले नाही. उलट किंमत उतरल्यामुळे शर्यतीची मजा पुष्कळ घरांत पोचली.

योकोईंच्या विचाराचे सूत्र येथेच सापडते. जपानी अभियंते जुन्या, वापरून पारखलेल्या तंत्राला सुकलेले तंत्र म्हणतात. या शब्दात हेटाळणी नाही. आपण लोणचे मुरले असे म्हणतो, त्या अर्थाने ते तंत्र मुरलेले असते. त्याचे गुणदोष सगळ्यांना कळून चुकलेले असतात, ते सगळीकडे मिळते आणि मुख्य म्हणजे स्वस्त झालेले असते. अशा तंत्राचा ठरीव वाट सोडून आडवाटेने विचार करावा, दुसऱ्याच कामासाठी त्याचा उपयोग करावा, असे योकोई सांगत. नव्यात नवे तंत्र वापरले की लोक चकित होतात, पण ती वस्तू महाग होते आणि मग तिला खेळणे म्हणता येत नाही. खेळणे मुलाच्या हातात पडले पाहिजे. जे दुकानातच राहते, ते शोभेचे सामान!

या सूत्राला सर्वांत मोठे यश लाभले ते एका आगगाडीच्या प्रवासामुळे. बुलेट ट्रेनमध्ये कंटाळलेला एक नोकरदार मनुष्य कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसलेला योकोईंना दिसला. प्रवासात लोकांच्या नजरेत न भरता खेळता येईल असे काहीतरी छोटे यंत्र असावे, असे त्यांच्या मनात आले. पुढे एके दिवशी अध्यक्षांच्या मोटारीचा चालक रजेवर होता. ती परदेशी गाडी होती, चक्र डाव्या बाजूला, आणि तशी गाडी चालवण्याची सवय योकोईंना होती. म्हणून त्यांनाच चालक म्हणून नेण्यात आले. वाटेत काहीतरी बोलावे म्हणून त्यांनी ही कल्पना अध्यक्षांना सांगितली. अध्यक्षांनी हूं की चूं केले नाही. पण त्या दिवशीच्या बैठकीत त्यांची खुर्ची नेमकी शार्प कंपनीच्या अध्यक्षांशेजारी होती! शार्प आणि कॅसिओ यांच्या स्पर्धेमुळे कॅल्क्युलेटरच्या द्रवस्फटिकाच्या काचा त्या वेळी भरमसाट तयार होत होत्या आणि स्वस्तही झाल्या होत्या. थोड्याच दिवसांत शार्पची माणसे निन्टेंडोच्या दारात हजर झाली.

१९८० साली ‘गेम अँड वॉच’ ही मालिका सुरू झाली. पहिल्या खेळाचे नाव ‘बॉल’. एक माणूस हातांनी चेंडू झेलतो आहे, एवढेच चित्र. कॅल्क्युलेटरमध्ये आकड्याचे तुकडे जसे आधीच ठरलेले असतात आणि गरजेप्रमाणे दिसतात, तशीच येथे हातांची आणि चेंडूंची प्रत्येक जागा काचेवर आधीच ठरलेली असे. चेंडू खऱ्या अर्थाने हलतच नसे. एका जागी मावळून दुसऱ्या जागी उगवे. रंग नाही, पार्श्वभूमी नाही. तरी चेंडू खाली येऊ लागला, की खेळणाऱ्याचा श्वास अडकायचा. खेळून झाले की तेच यंत्र घड्याळ म्हणून उपयोगी. १९९१ पर्यंत या मालिकेतली चार कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली.

याच मालिकेतील १९८२ सालच्या ‘डाँकी काँग’ या खेळासाठी योकोईंनी आणखी एक शोध लावला. खेळातल्या माणसाला चारही दिशांना न्यायचे होते, पण यंत्र पुस्तकासारखे मिटणारे. त्यावर उभा दांडा बसवला तर ते मिटणार कसे? तेव्हा त्यांनी अधिक चिन्हाच्या आकाराचे एकच चपटे बटण बसवले. अंगठा न उचलता, न पाहता, चारही दिशा कळतात. आज जगातील बहुतेक खेळयंत्रांवर डाव्या अंगठ्याखाली याच बटणाचा कुठला ना कुठला वंशज असतो.

मूळचा ‘डाँकी काँग’ हा खेळ १९८१ सालचा. अमेरिकेत पाठवलेल्या एका जुन्या खेळाची यंत्रे न खपता गोदामात पडून होती आणि त्यांत नवा खेळ घालायचा होता. ते काम शिगेरू मियामोतो या तरुणाकडे आले. तो अभियंता नव्हता. कलेच्या महाविद्यालयातून आलेला होता. त्याच्यावर देखरेख करण्याचे काम योकोईंकडे होते. या खेळातूनच पुढे जगप्रसिद्ध झालेला मारिओ जन्मला. कला शाखेच्या आम्हां विद्यार्थ्यांना तंत्राच्या जगात आपले काय काम, असे नेहमी वाटते. त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता योकोईंच्या सर्वांत प्रसिद्ध निर्मितीकडे वळू. २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये ‘गेम बॉय’ विक्रीस आला. खेळाच्या फिती बदलता येतील असे हे हातातले यंत्र. ते सिद्ध होईपर्यंत योकोईंना पुष्कळ सोसावे लागले. आधी निवडलेल्या काचेवर बाजूने पाहिले की चित्र दिसेना. अध्यक्षांनी ती नापसंत केली, तेव्हा योकोईंना अन्न गोड लागेना, अशी त्यांची अवस्था झाली होती. अखेर दुसऱ्या प्रकारची काच मिळाली आणि काम मार्गी लागले. हे यश एकट्या योकोईंचे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. त्यांचे सहकारी सातोरू ओकादा यांनी हे यंत्र अधिक समर्थ आणि टिकाऊ व्हावे म्हणून आग्रह धरला होता आणि त्याच्या घडणीत त्यांचा वाटा फार मोठा आहे.

गेम बॉयचा पडदा हिरवट रंगाचा होता आणि त्यावर एकाच रंगाच्या चार छटा दिसत. त्याच वर्षी अमेरिकेत अटारी कंपनीचे ‘लिंक्स’ हे रंगीत यंत्र आले आणि पुढच्या वर्षी सेगाचे ‘गेम गिअर’, तेही रंगीत. प्रतिस्पर्धी रंगीत यंत्र आणणार असे कळताच निन्टेंडोतील माणसे धास्तावली. योकोई मात्र ते ऐकून निश्चिंत झाले म्हणतात. त्यामागे हिशेब होता. रंगीत पडद्याला आतून उजेड लागतो आणि उजेडाला वीज लागते. लिंक्समध्ये सहा पेन्सिल सेल घातले तर ते चार-पाच तासांत संपत. गेम गिअरचीही तीच कथा. गेम बॉय मात्र चार सेलांवर सुमारे पंधरा तास चाले. अमेरिकेत त्याची किंमतही लिंक्सच्या निम्मी होती. सेल विकत घेण्यासाठी ज्या मुलाला वडिलांपुढे हात पसरावा लागतो, त्याच्या दृष्टीने रंग मोठा की तास मोठे, हे सांगायला नको.

रंगांविषयी योकोई एक सुंदर दाखला देत. फळ्यावर पांढऱ्या खडूने दोन वर्तुळे काढून हा बर्फाचा माणूस आहे असे सांगितले, की पाहणाऱ्याला बर्फाचा पांढरेपणा जाणवतो. सफरचंद काढले तर ते लाल वाटते. माणूस एकदा खेळात रमला की उरलेले रंग त्याचे मनच भरते, असा त्यांचा विश्वास होता. आपल्याला हे पटायला जड जाऊ नये. विटीदांडूत विटी रंगवलेली नसते. लगोरीच्या ठिकऱ्या तर फुटक्या कौलाच्या असतात. पण डाव रंगला की आई हाक मारून थकते!

गेम बॉयबरोबर अमेरिकेत ‘टेट्रिस’ हा खेळ दिला गेला आणि योकोईंच्या म्हणण्याचा पुरावाच मिळाला. हा खेळ १९८४ च्या सुमारास मॉस्कोतील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी रचला. त्यांच्या संगणकाला चित्रे काढताच येत नव्हती. म्हणून त्यांनी कंस जोडून चौकोन तयार केले. चार-चार चौकोनांचे सात आकार वरून पडतात, ते फिरवून सलग ओळ भरायची, ओळ भरली की ती नाहीशी होते. नियम एवढाच. राजकन्या नाही, राक्षस नाही. या खेळाच्या गेम बॉयवरील प्रतीच साडेतीन कोटी खपल्या. आपल्या जत्रांतून ‘ब्रिक गेम’ नावाची जी स्वस्त यंत्रे विकली जात, त्यांत हेच आकार वरून पडत असत. म्हणजे क्योतो आणि मॉस्को आपल्या जत्रेच्या पालापर्यंत येऊन पोचलेच होते. फक्त नाव कुणाला माहीत नव्हते.

गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून जवळजवळ बारा कोटी यंत्रे विकली गेली. दोन यंत्रे तारेने जोडण्याची सोय त्यात पहिल्यापासून होती. त्या तारेवरूनच सातोशी ताजिरी यांना ‘पोकेमॉन’ची कल्पना सुचली आणि १९९६ साली, यंत्र सात वर्षांचे जुने झाले असताना, हा खेळ आला आणि त्या म्हाताऱ्या यंत्राला पुन्हा तारुण्य आले.

इथवरच थांबलो तर हे चरित्र अपुरे आणि थोडे खोटेही होईल. कारण योकोईंच्या वाट्याला मोठे अपयशही आले. १९९५ साली त्यांनी ‘व्हर्च्युअल बॉय’ हे यंत्र काढले. टेबलावर मांडलेल्या चौकटीत डोळे घालून पाहायचे, म्हणजे चित्राला खोली असल्याचा भास होई. तांबडा प्रकाश देणारे दिवे तेवढे स्वस्त होते, म्हणून सारे चित्र काळ्यावर तांबडे. येथेही जुने, स्वस्त तेच वापरण्याचा बाणा होता. पण खेळणाऱ्यांचे डोळे शिणत. यंत्र ना धड खिशात मावे, ना शेजारच्याला काही दिसे. पावणेआठ लाखांच्या आसपास यंत्रे खपली आणि वर्षाच्या आतच ते बंद पडले.

या अपयशाचा अर्थ नीट लावला पाहिजे. चित्र साधे असले म्हणजे खेळ आपोआप चांगला होतो, असे योकोईंचे सूत्र कधीच नव्हते. साधेपणा हा खेळ मुलाच्या हाती पोचावा म्हणून असतो. गेम बॉयमध्ये रंग गाळला, त्याच्या बदल्यात तास मिळाले आणि पैसे वाचले. व्हर्च्युअल बॉयमध्ये रंग गाळूनही सोय आली नाही, सोबत तुटली आणि नवलाई मात्र पुढे राहिली. ज्या नवलाईपासून ते जन्मभर दूर राहिले, तिनेच त्यांना येथे चकवले, असे मला वाटते.

१५ ऑगस्ट १९९६ रोजी योकोईंनी निन्टेंडो सोडली. या अपयशामुळे त्यांना जावे लागले, असे पुष्कळांनी लिहिले आहे. त्यांनी स्वतः मात्र पन्नाशीनंतर स्वतंत्र काम करण्याचा बेत जुनाच असल्याचे सांगितले. जाण्यापूर्वी त्यांनी गेम बॉयची लहान आवृत्ती पूर्ण करून दिली. एकतीस वर्षांची नोकरी संपवून, पंचावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्यांनी क्योतोतच ‘कोतो’ नावाची छोटी कंपनी काढली. तेथे बांदाई कंपनीसाठी ‘वंडरस्वान’ या नव्या यंत्राचे काम सुरू झाले.

ते पूर्ण झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा प्रांतातील महामार्गावर त्यांच्या मोटारीची पुढच्या वाहनाशी टक्कर झाली. काय नुकसान झाले ते पाहण्यासाठी ते खाली उतरले आणि दुसऱ्या मोटारीची धडक बसून त्यांचा अंत झाला. ते छप्पन्न वर्षांचे होते. वंडरस्वान १९९९ च्या मार्चमध्ये बाजारात आले. त्याला फक्त एकच पेन्सिल सेल लागे! त्याबरोबर निघालेल्या एका कोड्याच्या खेळाला योकोईंची आठवण म्हणून ‘गुंपे’ हे नाव देण्यात आले. २००३ साली खेळनिर्मात्यांनी त्यांना मरणोत्तर जीवनगौरव पुरस्कार दिला. निन्टेंडोचे २००४ सालचे दोन पडद्यांचे ‘डी.एस.’ आणि २००६ सालचे ‘वी’ ही यंत्रे चित्रांच्या झगमगाटात प्रतिस्पर्ध्यांच्या मागे होती, तरी अनुक्रमे पंधरा आणि दहा कोटींवर खपली. त्यांत योकोईंचाच विचार वाहताना दिसतो.

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. माझ्यासारखी पुष्कळ मुले येथे आहेत. आमच्याजवळचा फोन दुसऱ्याने वापरून झालेला असतो, संदर्भाचे पुस्तक मागच्या आवृत्तीचे असते आणि इंग्रजी तर अजून लंगडेच असते. सगळी साधने जमली म्हणजे मग काहीतरी करून दाखवू, असे आम्ही एकमेकांना सांगतो आणि वर्षे निघून जातात. योकोईंचे चरित्र वाचताना मला हे फार बोचले. त्यांनी साधनांची वाट पाहिली नाही. पत्त्यांच्या कारखान्यातले यंत्र, विकायला आलेला घट, स्वस्त झालेली काच, जे समोर होते त्याच्याकडेच त्यांनी पुन्हा एकदा निराळ्या नजरेने पाहिले. गरिबीचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. रंगीत पडदा कुणाला नको असतो? पण आपल्याला नेमके कुणासाठी काय करायचे आहे, हे ज्याला ठाऊक असते, त्याचे चार छटांतही भागते, हे या माणसाने दाखवून दिले.

खेळणी करणाऱ्या या माणसाचे नाव पाठ्यपुस्तकात येणार नाही. पण मुलांच्या हातांत काय पडावे आणि ते किती वेळ टिकावे, याची इतकी काळजी जन्मभर वाहणारा माणूस माझ्या मते थोरच होय. त्यांच्या स्मृतीला माझे विनम्र अभिवादन!

— द्वितीय वर्ष, कला